स्वभाव मोजायला आमच्या गावी याल तेव्हा: मानसशास्त्राच्या अभ्यासकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतील सन्माननीय प्राध्यापक आणि संशोधक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवडा-घाटंजीकडच्या गावांमध्ये समुपदेशनाचं काम करते. मानसिक आरोग्याचं एखादं सर्वेक्षण गावात आलं की प्रश्न वाचून दाखवायला आणि उत्तरं भरून घ्यायला आमच्यासारख्यांना बोलावतात. त्यामुळे प्रश्नावल्या मी ओसरीवर, अंगणवाडीच्या खोलीत, कधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून मोठ्याने वाचल्या आहेत. अलीकडे त्यांत स्वभावाचे प्रश्न येऊ लागले आहेत: संशय किती, राग किती, माणसांपासून दूर राहणं किती, दुसऱ्याला फसवणं किती. माणसाला स्वतःला आणि त्याच्या घरच्यांना अडचणीत आणणारी ही स्वभावलक्षणं मोजली जावीत, असं मला मनापासून वाटतं. ती ज्या घाईने मोजली जात आहेत ती मात्र मला पटत नाही.

गरज का आहे ते मी रोज पाहते. एखाद्या घरात एक माणूस असा असतो की सालगडी म्हणून लागला की दोन महिन्यांत भांडून येतो, भावांशी बोलणं टाकतो, बायकोवर पाळत ठेवतो आणि मग रात्र रात्र रडतो. दवाखान्यात त्याला झोपेची गोळी मिळते, नैराश्याची मिळते. गोळीने झोप येते, भांडण तसंच राहतं. त्याच्या दुखण्याला जवळचं असं नाव कोणी देत नाही, आणि नाव नाही म्हणून उपचारही धड होत नाही.

जुन्या पद्धतीत नावं होती, पण ती कप्प्यांची होती. डीएसएम-४ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत व्यक्तिमत्त्वविकारांचे दहा कप्पे होते. एक माणूस दोन-तीन कप्प्यांत एकदम बसायचा, दुसरा कुठेच धड बसायचा नाही. 'बॉर्डरलाइन' या निदानासाठी नऊपैकी कोणतेही पाच निकष पुरत, म्हणजे तेच निदान मिळालेल्या दोन माणसांत एकच निकष सारखा असणं शक्य होतं. मग आतली रचना कशी आहे, कोणती लक्षणं खरोखर एकत्र नांदतात, हे आकड्यांनाच विचारावं असा विचार पुढे आला. २०१२ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीआयडी-५ ही २२० वाक्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं, ते शून्य ते तीनमध्ये सांगायचं. सुरुवातीला त्यांनी ३७ लक्षणं धरली होती. लोकांची उत्तरं आल्यावर कोणती एकमेकांत मिसळतात ते पाहिलं आणि २५ उरली. ती २५ मिळून पाच मोठे गट झाले: नकारात्मक भावनिकता, अलिप्तता, वैरभाव, बेलगामपणा आणि विक्षिप्त विचार-अनुभव. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये हा आराखडा पर्यायी म्हणून छापला गेला.

ही पद्धत मला आवडते. ती माणसाला कप्प्यात कोंबत नाही, कोणतं लक्षण किती ते सांगते. आणि तिच्या मुळाशी एक प्रामाणिकपणा आहे: ३७ चे २५ करायला ते संशोधक तयार झाले, कारण उत्तरांनी तसं सांगितलं. माझी मागणी एवढीच आहे की आमच्या लोकांच्या उत्तरांनाही तोच मान द्यावा. अमेरिकेतल्या माणसांच्या उत्तरांतून निघालेला आराखडा इथे 'सिद्ध' करायला येऊ नका. इथे काय निघतं ते पाहायला या.

यात सगळ्यात मोठी अडचण काळाची आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना मी फारसं कोणाला ऐकलेलं नाही. एका काकांना मी वाक्य वाचून दाखवलं. साध्यासुध्या कारणावरून माझा तोल जातो, अशा अर्थाचं होतं. त्यांनी मला विचारलं, "कवाचं सांगू ताई? पेरनीच्या टायमाचं का चुकारा भेटल्यावरचं?" फॉर्मवर त्या प्रश्नाला जागा नव्हती. पण पूर्ण शास्त्र त्या एका प्रश्नात आहे. स्वभाव म्हणजे जे वर्षानुवर्षं टिकतं ते, आणि आपण तर एका दिवशी येऊन विचारता.

कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या गावात वर्ष सारखं नसतं. मृग लागला की सोसायटीचं कर्ज मिळणार की नाही, कृषी केंद्रवाला बियाणं उधार देणार की नाही, पाऊस दडी मारणार का, दुबार पेरणी करावी लागणार का, या काळजीत सगळं घर ताणलेलं असतं. त्या दिवसांत माणूस चिडतो, त्याला झोप नसते, जेवणात चव नसते, पाहुणे नकोसे होतात, कोणावर भरवसा राहत नाही. पोळ्याच्या आसपास फवारणी जोरात असते. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, हे आपल्याला आठवत असेल. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरात जात राहिली तर चिडचिड आणि अस्वस्थता वाढते, हे वैद्यकशास्त्र सांगतं. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनेही कापूस खाल्ला. दिवाळीनंतर वेचणी, मग विक्री, मग हातात चुकारा आणि त्यातून देणी. तोच माणूस तेव्हा वेगळा बोलतो.

आता आपल्या आकडेशास्त्राच्या बाजूने बघा. घटक विश्लेषण काय करतं? कोणती उत्तरं बरोबर वर जातात आणि बरोबर खाली येतात, एवढंच पाहतं. जूनमध्ये सगळ्या गावाची उत्तरं एकदम घेतली, तर ज्याच्या डोक्यावर कर्ज जास्त त्याची चिंता, राग, संशय, निराशा आणि अलिप्तता सगळीच वर असेल, आणि ज्याच्याकडे ओलिताची जमीन आहे त्याची सगळीच खाली असेल. संगणक त्यातून एक भला मोठा घटक काढून देईल. आपण त्याला 'नकारात्मक भावनिकता' म्हणाल, त्याची विश्वासार्हताही छान येईल, कारण वाक्यं एकमेकांशी घट्ट जुळलेली असतील. पण त्यांना जुळवणारी गोष्ट स्वभाव नसेल, सातबाऱ्यावरचा बोजा असेल. वाक्यं आपसात जुळली म्हणून ती कशामुळे जुळली हे कळत नाही, हे आपण वर्गात शिकवता. आमच्या गावात ते प्रत्यक्ष घडतं.

कापूस खरेदी केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर आधी ओलावा मोजतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, बारापर्यंत कपात, त्यावर गाडी परत. वजनकाट्यात काही बिघाड नसतो, पण ओल्या कापसाचं वजन हे कापसाचं आणि पाण्याचं मिळून असतं, म्हणून ओलावा वेगळा मोजल्याशिवाय वजनाला अर्थ नाही. आपल्या प्रश्नावलीबरोबर कर्ज, पीक, आजारपण, घरातला नुकताच मृत्यू, दारू, फवारणी आणि सध्याची उदासी यांची वेगळी मोजणी असलीच पाहिजे. आणि तीच माणसं वर्षातून निदान तीनदा भेटली पाहिजेत: पेरणीच्या वेळी, फवारणीच्या वेळी आणि चुकारा हाती आल्यावर. तिन्ही वेळा जे टिकलं तो स्वभाव. वर-खाली झालं ते वर्ष. तिन्ही फेऱ्यांची उत्तरं एकत्र मांडून ही फोड करायची तंत्रं आपल्याकडे आहेत, मग एका फेरीत भागवू नका.

आता वाक्यांकडे येते. त्या २५ लक्षणांत जोखीम घेणं आहे. आमच्याकडे पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत बी टाकतात, धूळपेरणी म्हणतात तिला. पाऊस वेळेवर आला तर पीक चार पावलं पुढे, नाही आला तर बियाणं गेलं. ती करणारा माणूस बेलगाम नसतो. उलट गावात हिशेबी म्हणून ओळखला जाणाराच कित्येकदा ती करतो. संशय हेही एक लक्षण आहे. ज्याच्या शेतात बोगस बियाणं उगवलं नाही, ज्याचा धुरा शेजाऱ्याने दरसाल वीतभर पुढे सरकवला, त्याने लोक आपला फायदा घेतात या वाक्याला 'अगदी खरं' म्हटलं तर तो अनुभव सांगतो आहे. आणि त्याच गावात दुसरा एक माणूस असतो, ज्याचा धुरा कोणी सरकवलेला नाही आणि तरी तो सख्ख्या बहिणीच्या हातचं पाणी पीत नाही. दोघांच्या फॉर्मवर तीन हाच आकडा येतो. या दोघांना वेगळं करणारं वाक्य शोधणं हे आपलं काम आहे, आणि ते वाक्य गावात बसल्याशिवाय सापडणार नाही.

बायकांची गोष्ट तर आणखी अवघड. दबून राहणं हे लक्षण सुनेच्या बाबतीत कसं मोजणार? ती दबून राहते कारण तिला तसं राहावं लागतं, आणि हेच तिच्या सासूने तरुणपणी केलेलं असतं. शिवाय ती उत्तर देत असताना सासू दारात तांदूळ निवडत बसलेली असते. नवऱ्याबद्दल, जवळिकीबद्दल, एकटेपणाच्या भीतीबद्दल ती खरं काय सांगणार? मी अशा वेळी फॉर्म बंद करून तिला विहिरीवर किंवा वेचणीच्या पातीवर गाठते. आपल्या अभ्यासात मात्र 'वेळ प्रति व्यक्ती चाळीस मिनिटं' असं लिहिलेलं असतं आणि येणारा विद्यार्थी बिचारा त्यात अडकलेला असतो. त्याच्यावर माझा राग नाही. चांगली मुलं येतात, उन्हात फिरतात. त्यांना वेळ द्या.

विक्षिप्त अनुभवांचंही तेच. जागलीला मचाणावर रात्र काढणाऱ्याला रोही आणि रानडुकरांच्या चाहुलीत इतर आवाजही ऐकू येतात. काही घरांत अंगात येतं आणि सगळं गाव ते मानतं. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ यात स्पष्ट म्हटलं आहे की माणसाची आर्थिक वा सामाजिक स्थिती, किंवा समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक, धार्मिक समजुतींशी त्याचं न जुळणं, या आधारावर मानसिक आजार ठरवायचा नाही. कायदा एवढा सावध आहे तर मोजमापाने त्याहून सावध असावं.

आणखी एक गोष्ट जी कागदावर दिसत नाही. आमची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. हातात फॉर्म असलेला माणूस सरकारी असेल, काही मदत येईल, असं मनात असतं. वाक्य वाचलं की "हो, असंच आहे बावा" येतं. पीआयडी-५ मधली बहुतेक वाक्यं एकाच दिशेने लिहिलेली आहेत, म्हणजे 'हो' म्हणत गेलं की दोष वाढत जातो. मग सगळ्या लक्षणांना व्यापणारा जो घटक दिसेल तो भिडस्तपणाचाही असू शकतो. उलट्या अर्थाची वाक्यं घालावी म्हटलं, तर तोंडी वाचलेल्या नकारात लोक गोंधळतात: 'मला राग येत नाही' याला 'हो' म्हणायचं की 'नाही'? यावर काहीतरी उपाय काढावा लागेल. वाक्याऐवजी छोटा प्रसंग सांगून "तुम्ही काय केलं असतं?" विचारता येईल. ओळखीच्या दोन माणसांकडूनही उत्तरं घेता येतील. पीआयडी-५ चं जवळच्या माणसाने भरायचं २१८ वाक्यांचं रूप आहेच. पण ती दोन माणसं धुऱ्याच्या भांडणातली नसावीत, एवढं आम्हाला विचारून ठरवा.

मी काही नवीन शंका काढत नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचा अभ्यास आपल्याला माहीत असेलच. रानात शिकार, नदीत मासेमारी आणि थोडी शेती करणारे, बहुतेक निरक्षर लोक. मायकेल गुर्वेन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या ६३२ स्त्री-पुरुषांना ४४ वाक्यांची, जगभर सिद्ध मानलेली पाच घटकांची व्यक्तिमत्त्व चाचणी त्यांच्या भाषेत दिली आणि २०१३ मध्ये निकाल छापला. पाच घटक नीट सापडले नाहीत. दोन सापडले: माणसांशी चांगलं वागणं आणि कामसूपणा. ती चाचणी सर्वसाधारण स्वभावाची होती, त्रासदायक लक्षणांची नव्हती. पीआयडी-५ चे पाच गट अनेक देशांत ढोबळमानाने पुन्हा दिसले आहेत हेही मला मान्य आहे. पण त्यातले बरेच अभ्यास विद्यार्थ्यांवर आणि शहरी, शिकलेल्या माणसांवर झाले. मला स्वतःला वाटतं की आमच्याकडे घरच्यांशी वागणं आणि बाहेरच्यांशी वागणं हे दोन वेगळे घटक निघतील. माझं वाटणं चुकू शकतं. तपासा.

पाचव्या गटावर तर मोठ्या संस्थांचंही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, आयसीडी-११, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यात चार लक्षणगट डीएसएमशी मिळतेजुळते आहेत. पण विक्षिप्त अनुभवांचा गट तिथे नाही, त्याऐवजी अतिकाटेकोरपणाचा आहे. जिथे वरच्या पातळीवरच रचना अशी खुली आहे, तिथे आपल्या प्रबंधात 'पाच घटकांचे प्रारूप योग्य आढळले' हे वाक्य आधीच लिहून का यायचं? आयसीडी-११ मधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ते आधी तीव्रता विचारतं. या माणसाचं स्वतःशी आणि इतरांशी नातं किती बिघडलं आहे, सौम्य, मध्यम की तीव्र, हे पहिलं. लक्षणांची नावं नंतर. आमच्या कामाला ते लगेच उपयोगी पडतं.

पुण्याच्या महाविद्यालयातल्या मुलांची सरासरी आणि घाटंजीच्या शेतकऱ्यांची सरासरी शेजारी ठेवण्याआधी मापनाची समतुल्यता तीन पायऱ्यांवर तपासतात, हे आपणच शिकवता. तीच वाक्यं दोन्हीकडे त्याच गटात पडतात का. प्रत्येक वाक्याचं वजन सारखं आहे का. आणि स्वभाव सारखाच असलेली दोन माणसं, एक पुण्यातला आणि एक घाटंजीतला, त्या वाक्याला सारखंच उत्तर देतात का. तिसरी पायरी ढासळली तर सरासऱ्यांची तुलना करायचा हक्क उरत नाही. संशयाच्या वाक्यावर ती ढासळेल अशी मला दाट शंका आहे. आणि 'मराठी' म्हणून एकच गठ्ठा करू नका. आमच्याकडे कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, घरात कोलामी चालते, बंजारा तांड्यात गोरमाटी, गोंडांच्या वस्तीत गोंडी. त्यांना मराठी येते, पण मनातलं दुखणं ते मराठीत सांगत नाहीत.

इतकं पोटतिडकीने लिहिण्याचं कारण सांगते. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्ह्याची समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे कागदावर दिसलं तर घरच्यांना १ लाख रुपये मिळतात. नाहीतर दारू होती, घरात भांडणं होती, माणूसच तसा होता, असं म्हटलं जातं आणि घरची माणसं ते ऐकत उभी राहतात. उद्या 'या भागात अमुक टक्के लोकांची स्वभावलक्षणं बिघडलेली' असा आकडा छापून आला, तर तो कुठे कुठे वापरला जाईल याचा विचार आपण करा. तो आकडा खरा असेल तर मी पहिली त्याच्या बाजूने उभी राहीन, कारण स्वभावामुळे मरणाच्या दारात जाणारी माणसंही मी पाहिली आहेत आणि त्यांना वेगळी मदत लागते. पण कर्जाचा ताण मोजून त्याला स्वभाव म्हटलेलं असेल, तर तो अन्याय मेलेल्या माणसावरही होईल आणि मागे राहिलेल्या घरावरही.

चांगलं काम इथे होऊ शकतं याचा दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पात ३० गावांमध्ये गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुठेतरी गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आलं. आमची माणसं बोलतात. विचारणारा ओळखीचा असावा लागतो आणि विचारायची वेळ त्यांची असावी लागते.

तेव्हा मराठीतली वाक्यं पक्की करण्याआधी गावातल्या वीस-पंचवीस माणसांना एकेक वाक्य वाचून दाखवा आणि "तुम्हाला यातून काय समजलं?" एवढंच विचारा. तयार झालेली प्रश्नावली, तिचे मापदंड आणि जिथे ती इथे लागू पडत नाही त्या जागा, सगळं मराठीत आणि मोफत उपलब्ध करा. नोकरभरती, कोर्ट, बँक किंवा मदतीची पात्रता यांसाठी ती वापरू नये असं पहिल्या पानावर छापा.

येणार असाल तर उन्हाळ्यातच कळवा, म्हणजे मृगाच्या आधीची फेरी धरता येईल. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते आणि माणसं घरी सापडत नाहीत. लग्नसराई ओसरल्यावर या. पोडावर बोलायला कोलामी जाणणाऱ्या दोघी आमच्यासोबत आहेत, त्यांना मानधन मात्र संशोधकाचं द्या. राहायची सोय गावात होते.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातील एक समुपदेशक